निळं फडकं

गुणवंतीला राग आला की तिच्या उजव्या भुवईचं टोक वर जायचं. शिवडी कोळीवाड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. भुवई हलली की शहाणी माणसं आपापल्या कामाला लागायची. कमलाकांत धैर्यवान पडला गिरगावचा. त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून पहिल्याच भेटीत त्यानं तोंड वर करून विचारलं,

"तुमचं वजन किती?"

भुवई गेली वर.

खरं म्हणजे कमलाकांत काम करायचा त्या सायकलच्या दुकानात ती जाणारच नव्हती. तिचा नेहमीचा मिस्त्री नेमका गावाला गेला होता, आणि हातातलं खोकं तिला घरी न्यायचं नव्हतं. खोक्यात मागचा शॉक होता, कोरा करकरीत. तिची डोंगरातली सायकल, दोन्ही चाकांना उसळी असलेली, तिनं जुनी विकत घेतली होती. सीटच्या खाली, सांगाड्याच्या मधोमध, एक हवा भरलेली नळी असते. मागचं चाक दगडावर आपटलं की तो सगळा मार ही नळी पोटात घेते. तोच मागचा शॉक. जुन्या शॉकनं जीव सोडला होता. शिवडीच्या किल्ल्याच्या पायऱ्या सायकलवरून उतरताना प्रत्येक पायरी तिच्या मणक्यात वाजत होती. पै-पै साठवून तिनं हा नवा, चांगल्यातला आणला होता.

लोअर परळला बंद गिरणीच्या आवारात सायकलींचं मोठं काचेचं दुकान होतं. मागे गिरणीची चिमणी अजून उभी. याच गेटवर तिची आजी जाईबाई सुकी मासळी विकायची. संप झाला, भोंगा बंद पडला, गिऱ्हाईक पांगलं. तरी जाईबाई टोपली घेऊन त्याच जागी बसायची. आज ना उद्या गिरणी सुरू होईल म्हणायची. संपाला आता तीन तपं होत आली. गिरणी काही सुरू झाली नाही. जाईबाईचा हट्ट मात्र जसाच्या तसा नातीत उतरला.

"बाईमाणसाला वजन विचारतोस?" गुणवंती म्हणाली.

"बाईमाणसाला नाही. सायकलवर बसणाऱ्या माणसाला विचारतोय." तो अजिबात हसला नाही. "शॉकमध्ये हवा भरायची ती बसणाऱ्याच्या वजनावर. कमी सांगितलंत तर पहिल्या खड्ड्यात तळाला लागेल. जास्त सांगितलंत तर दगडासारखा बसेल, तुम्हाला फेकून देईल. इथे खोटं बोलून चालत नाही."

गुणवंतीनं एक आकडा सांगितला. तो खोटा होता.

त्यानं जुना शॉक उतरवला, नवा चढवला, लांबी जुळते का ते दोनदा बघितलं. छोट्या पंपानं हवा भरली. शॉकच्या चकचकीत दांड्यावर, तो किती दबतो ते दाखवणारी, एक रबरी रिंग होती, ती त्यानं बोटानं सरकवून तळाशी लावली. "बसा आता. हळू. उडी नको."

ती बसली. तो समोर उभा राहून दोन्ही हातांनी हँडल धरून होता, म्हणजे चेहऱ्यासमोर चेहरा. कुठं बघायचं कळेना, म्हणून तिनं त्याच्या कानांकडे बघितलं. कान लाल व्हायला लागले होते. ती उतरली. त्यानं वाकून रिंग बघितली. मग तिच्याकडे. मग परत रिंगकडे.

"थोडं... कमी सांगितलंत."

"हेल्मेट धरून नव्हतं."

"हेल्मेट फार जड दिसतंय तुमचं."

त्यानं गुपचूप आणखी हवा भरली, खाली बघून. तो हसतोय हे तिला त्याच्या खांद्यांवरून कळलं. तिला राग आला. तो राग लोअर परळपासून शिवडीपर्यंत पुरला. घरी पोचली तेव्हा लक्षात आलं, की सबंध रस्ताभर आपण त्याच माणसाचा विचार करत होतो. मग ती आणखी रागावली.

त्यानंतर गुणवंतीच्या सायकलला नवनवीन आजार व्हायला लागले. कधी साखळी कुरकुरायची, कधी ब्रेक चिवचिवायचा. दुकानात गेलं की यातलं काहीच व्हायचं नाही. कमलाकांत सायकल उलटी करायचा, चाक फिरवायचा, कान लावायचा.

"आवाज येत नाहीये."

"तू असलास की येत नाही."

"मग मी कायमचाच बरोबर असायला हवा," तो पटकन बोलून गेला. आणि मग इतका गोंधळला की पान्हा पायावर पाडून घेतला.

माणूस असा होता. घर इंजिनिअर लोकांचं, हा इंजिनिअर होऊन सायकली दुरुस्त करायला लागला म्हणून घरच्यांनी नाकं मुरडलेली. आडनाव धैर्यवान, आणि साधं 'चहा घेणार का' विचारताना घाम फुटायचा. सारखं आपलं तुम्ही, तुम्ही. "मी काय तुझी मावशी आहे?" ती एकदा डाफरली. "सवय आहे," तो म्हणाला. "माझी आई बाजारात कोळणींशी भांडते ना, तेव्हा त्यांनाही तुम्हीच म्हणते. भांडण रोजचं, पण तुम्ही. आणि मासे त्यांच्याकडूनच."

"तुम्ही प्रभू, आमच्या भाषेत परभी, म्हणजे मासे खाऊन वर नखरे करणारे."

"नखरे नाहीत हो. नाक. ताजा, शिळा, कुठल्या बंदराचा, आम्हाला झोपेतही कळतं."

एका रविवारी तो किल्ल्यावर आला, शॉक कसा चालतो ते बघायला. निदान तसं म्हणाला तरी. ती पायऱ्यांवरून सुसाट खाली आली, शेवटच्या कट्ट्यावरून उडी घेतली, धप्पकन उतरली. तो धावत येऊन आधी रिंगकडे वाकला. मग तिच्याकडे बघत म्हणाला,

"उतरताना तुमच्या चेहऱ्यावर राग असतो. कोणाचा?"

तिला कुणी हे आजवर विचारलं नव्हतं. ती कट्ट्यावर बसली. समोर खाडीचा चिखल उन्हात चमकत होता.

"बापाचा," ती म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. परळच्या बँकेतली नोकरी तिनं सोडली, कारण राज्याच्या संघात जायचं होतं आणि सरावाला दिवस पुरत नव्हता. धर्मा, तिचा बाप, जाळं विणता विणता एवढंच बोलला होता, "सायकल फिरवून कोनाचा भला झाला?" ती म्हणाली होती, "होडी फिरवून तुमचं काय झालं?" संपलं. गणपतीत झालेलं हे भांडण. तेव्हापासून बापलेक एका ओट्यावर चहा प्यायचे आणि एकमेकांशी अक्षर बोलायचे नाहीत. रखमा, तिची आई, मध्ये बसून निरोप पोचवायची. 'तिला सांग, दार लाव.' 'त्यांना सांग, लावलंय.'

"आणि शर्यत?" कमलाकांतनं विचारलं.

"दोन निवडचाचण्या आहेत. एकीत जरी पहिल्या तिघींत आले तर संघात. नाहीतर परत काउंटरवर. आणि बाप जिंकला."

कमलाकांत सायकलकडे वाकला. खिशातलं निळं फडकं काढून त्यानं शॉकचा दांडा पुसला, हलक्या हातानं, वरून खाली. "हा दांडा स्वच्छ ठेवा," तो म्हणाला. "बाकी कशाची काळजी नको."

बाकी कशाची काळजी नको म्हणे!

लोणावळ्याच्या मागच्या डोंगरात पहिली चाचणी झाली. अर्ध्या उतारापर्यंत गुणवंती दुसरी होती. मग एका खडकावरून उडी घेतली, मागचं चाक जमिनीला लागलं आणि शॉकनं लांब सुस्कारा टाकला. हवा गेली. पुढच्याच दगडावर सायकलचं बूड उसळलं, आणि गुणवंती हँडलवरून पलीकडे. कोपर सोललं, गुडघा फुटला. बाजूनं एकेक पोरगी पुढे निघून गेली. ती झुडपात बसून शॉककडे बघत राहिली. दांड्यावर काळपट चिकट थर होता आणि रबरी सीलमधून तेल गळत होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. राग आला की माणूस पाणी पितो, शिवी देतो, दगड भिरकावतो. गुणवंतीनं फोन काढून व्हिडिओ सुरू केला. रक्ताळलेलं कोपर, गळका शॉक, सगळं दाखवलं आणि दुकानाचं नाव न घेता माणसाचं घेतलं. "कमलाकांत धैर्यवान. नाव लक्षात ठेवा. ह्या माणसाच्या हातात सायकल देऊ नका. तुमची मान मोडेल." घाटातून गाडी खाली यायच्या आत मुंबईतल्या निम्म्या सायकलवाल्यांनी तो व्हिडिओ पाहिला होता. कमलाकांतचा फोन आला, तिनं कापला. परत आला, परत कापला.

दोन दिवसांनी ती डॉक्टरकडे मलमपट्टीला गेली असताना तो शिवडीला येऊन गेला. आईनं सांगितलं, शॉक उतरवून घेऊन गेलाय. मग एका संध्याकाळी तो परत आला, शॉक घेऊन. ओट्यावर धर्मा जाळं सांधत बसला होता. सायकल नेहमीसारखी होडीच्या वल्ह्यांशेजारी टेकवलेली. कमलाकांतनं शॉक चढवला, हवा भरली, रिंग तळाशी लावली. गुणवंती दारात उभी. आल्यापासून तो तिच्या पट्टी बांधलेल्या कोपराकडे बघत होता.

"सील गेलं होतं," शेवटी तो म्हणाला. "आतली सगळी सीलं बदललीत. आता त्रास नाही देणार."

"का गेलं?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग ओट्याकडे. धर्माची जाळ्यावरची बोटं थांबली होती.

"म्हणजे चूक कोणाची?" तिनं विचारलं.

"हवं तर... माझी समजा."

"हवं तर म्हणजे काय? बाजारात भाव करतोयस?"

"माझी," तो म्हणाला. "माझीच."

ती याचीच वाट बघत होती असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. घरी आल्यापासून ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती, आणि त्या भांडणात तो दरवेळी ताड्कन उत्तर द्यायचा. तिला वाटत होतं, हा म्हणेल, मी नाही चुकलो, तूच काहीतरी केलं असशील. मग ती दुप्पट ओरडली असती, आणि कुठंतरी आत तिला हायसं वाटलं असतं, की आपण ज्याच्यासाठी खोटे आजार शोधत होतो तो माणूस खरंच निष्काळजी नाही. पण ह्यानं मान खाली घातली. संपवूनच टाकलं.

"पुन्हा तोंड दाखवू नकोस," ती म्हणाली.

तो गेला. रखमा आतून म्हणाली, "अगो, च्या तरी विचारायचा व्हता पोराला."

दुसरी चाचणी रविवारी होती. त्या आठवड्यात गुणवंती रोज किल्ल्यावर गेली आणि शॉक कुरकुर न करता सगळा मार पोटात घेत राहिला. त्याचाही तिला राग यायचा. इतकं चांगलं काम करता येतं, तर आधी का नाही केलंस?

शुक्रवारी तिला लवकर जाग आली. फटफटत होतं. बाहेर ओट्यावर काहीतरी हललं, म्हणून तिनं दार किलकिलं केलं.

धर्मा सायकलशेजारी उकिडवा बसला होता. एका हातानं सीट धरलेली, दुसऱ्या हातानं शॉकचा दांडा पुसत होता. वरून खाली, हलक्या हातानं. लहानपणी ताप आला की तिचं कपाळ असंच पुसायचा. एवढ्यात तिला त्याच्या हातातलं फडकं दिसलं. निळं.

"ते फडकं तुमच्याकडे कसं?"

गणपतीनंतर बापाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. धर्मा दचकून उभा राहिला, फडकं पाठीमागे लपवून. चोरी पकडलेल्या पोरासारखा.

"त्या पोरानं दिला."

"कुठल्या पोरानं?"

"तो परभी. कान लाल होतात तो."

"तुम्हाला कशाला दिलं?"

धर्मानं फडकं पाठीमागून पुढे आणलं. मग खाली बसला आणि बोलायला लागला, जाळ्यातली गाठ सोडवावी तसा, थांबत थांबत.

"मी तेल लावायचो गो. मुशी माशाचा. होडीच्या लाकडाला लावतो, तोच. मना वाटला, लोखंडाचा दांडा हाय, खारी हवा खाऊन टाकेल त्याला. रोज सकालचा लावायचो, तू उठायच्या आधी. तू पडलीस, न् तो पोरगा आला. दांड्यावर बोट फिरवला, वास घेतला, न् लगेच वलखला. बोलला, काका, ह्या तेलानंच गेला. सुकला का चिकट होतो, धूल धरतो, न् धूल आतल्या रबराला खाते."

गुणवंतीची नजर दांड्यावर गेली.

"मीच त्याला बोललो, पोरीला नको सांगू. हात जोडले. बोललो, आदीच तोंड फिरवून हाय. मीच पाडली असा कळला, त मना जन्मात आवाज नाय देनार. त्यानं हा फडका दिला. बोलला, काका, फकस्त कोरडा पुसा." धर्मानं फडकं तिच्यासमोर धरलं. "रोज धुतो. तेल नाय आता. खरंच नाय."

म्हणजे ज्या सायकलवरून आपण बापाशी अबोला धरला, त्या सायकलची रोज सकाळी तो सेवा करत होता. तिला रडू आलं. आणि रडू आलं की तिला राग यायचा. हा राग बापावर काढायचा नव्हता. मग तो कोणावर निघणार, हे उघडच होतं.

दुकानात कमलाकांत एका गुलाबी छोट्या सायकलला घंटा बसवत होता. त्या व्हिडिओनंतर दुकानाच्या मालकांनी, सीतारामशेठनी, त्याच्याकडून मोठ्या सायकली काढून घेतल्या होत्या. त्याच्या हातात आता पंक्चर आणि घंट्या. गुणवंतीला हे माहीत नव्हतं. ती घंटा बघून तिचा पारा आणखी चढला.

"धैर्यवान! खाली ठेव ती घंटा."

त्यानं ठेवली नाही. हातातच राहिली. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"माझ्या बापानं तेल लावलं, हे तुला ठाऊक होतं."

"...हो."

"आणि मी जगाला तुझं नाव सांगत सुटले, तरी तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास!"

"मी त्यांना शब्द दिला होता."

"सायकल माझी. बाप माझा. कोपर माझं सोललं. सगळ्यांना ठाऊक, एक मी सोडून? मी काय कुकुलं बाळ आहे, तुम्ही दोघांनी मिळून सांभाळून घ्यायला? मला खोटारडी केलंस तू! निर्दोष माणसाची बदनामी करणारी बाई केलंस!"

"तुम्ही जरा शांत—"

"शांत नाही होणार! आणि ते तुम्ही-तुम्ही बंद कर. भांडताना तरी तू म्हण!"

कमलाकांतचे कान लाल झाले. मग गाल. मग मान. कानांच्या पुढचं गुणवंतीनं आधी पाहिलेलं नव्हतं.

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा चढला की आतून सीतारामशेठ बाहेर आले. "तू! तू मला एकदा तरी विचारलंस? पडलीस, उठलीस आणि फोन काढलास, तो मला लावायला नाही, मला फासावर लटकवायला! मी फोन केला, तू कापलास. परत केला, परत कापलास. माझ्या हातून गेलेली एक सायकल आजवर तक्रार घेऊन परत आली नव्हती. आज मी घंट्या बसवतोय. माझी आई वाडीत खाली मान घालून चालते. आणि मी ओरडायचं नाही! का? तर तू पडली होतीस म्हणून. तुझे वडील माझ्यासमोर हात जोडून रडले म्हणून. आणि... आणि मला तू आवडतेस म्हणून, मूर्ख मुली! आणि आत्ता मला तुझा इतका राग आलाय ना, की—"

त्यानं मूठ आवळली. मुठीत घंटा होती. ती ट्रिंग वाजली.

एक बाई हसू दाबायला पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या.

"मूर्ख कोणाला म्हणालास?" गुणवंतीनं हळूच विचारलं.

"तुला."

"परत म्हण."

"मूर्ख."

"ते नाही. त्याच्या आधीचं."

"नाही म्हणणार." तो अजून धुमसत होता. "एकदा म्हटलंय. तेव्हा ऐकायचं होतंस."

'तू विचारलंस?' हे शब्द तिला लागले होते. लागायलाच हवे होते. त्यांच्या घरात माफी मागायची रीत नव्हती. जाईबाईनं कधी मागितली नाही, धर्मानं नाही. माफीऐवजी ते बिचारे तेल लावायचे. गुणवंतीनं फोन काढला. कमलाकांत एक पाऊल मागे सरकला.

"घाबरू नकोस," ती म्हणाली, आणि फोन स्वतःकडे वळवला. "मी गुणवंती. मागच्या वेळी मी जे बोलले ते चूक होतं. आम्ही कोळी. होडीला जे तेल लावतो, तेच आमच्या घरी माझ्या शॉकला लागलं, आणि शॉक गेला. कोणी लावलं ते विचारू नका, मी सांगणार नाही. मायेनं लावलेलं होतं. कमलाकांत धैर्यवानची त्यात काही चूक नाही. मी न विचारता त्याचं नाव घेतलं, ही चूक माझी. त्याची चूक एकच. बोलायचं तेव्हा तो बोलत नाही." ती थांबली. "म्हणजे आजपर्यंत बोलत नव्हता."

तिनं फोन खिशात घातला.

"आता मी तुला आवडते ते बाजूला ठेव," ती म्हणाली. "मला तू... ते शर्यतीनंतर. आत्ता मला राग आलाय."

"अजून? कोणाचा?"

"माझा," ती म्हणाली आणि निघून गेली.

सीतारामशेठनी कमलाकांतच्या हातातली घंटा काढून घेतली. "जा," ते म्हणाले, "आत स्टँडवर मोठी सायकल लावलीय. ती बघ आधी."

रविवारी उतार तोच होता, खडकही तोच. वरून सुटताना गुणवंतीनं चेहऱ्यावर राग आणायचा प्रयत्न केला. तिची जुनी सवय. पण बापाचा राग करायला गेली तर उकिडवा बसलेला बाप दिसायचा. शेवटी ती नुसतीच सुटली. खडक आला. तिनं उडी घेतली, मागचं चाक धप्पकन टेकलं, शॉक खोल दबला आणि दबला तितक्याच मायेनं वर आला. पुढचं तिला फारसं आठवत नव्हतं. खाली कुणीतरी ओरडलं, "तिसरी!"

दोरीच्या पलीकडे कमलाकांत उभा होता. आणि त्याच्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट घातलेला, अवघडलेला, धर्मा. समुद्रात कोसच्या कोस जाणारा हा माणूस घाट चढून कधी वर आला नव्हता.

"तुम्ही?" ती म्हणाली. "एवढ्या लांब कोणी आणलं यांना?"

"मी," कमलाकांत लगेच म्हणाला. "आता न विचारताच सांगायचं ठरवलंय. पहिल्या गाडीनं निघालो. काकांनी वाटेत दोनदा ओकारी काढली. तेही सांगून टाकतो."

धर्मा खाली बसला. खिशातून निळं फडकं काढून त्यानं दांड्यावरची माती पुसली, वरून खाली. मग फडकं तिच्यापुढे धरलं.

"वास घे," तो म्हणाला. "कोरडा हाय."

गुणवंतीनं फडकं नाकाला लावलं. मातीचा वास होता, आणि आईच्या कपड्यांच्या साबणाचा. बाकी काही नाही. ती रडायला लागली. आपण रडतोय म्हणून नेहमीसारखा राग यायची तिनं वाट बघितली. तो आला नाही. धर्मानं तिच्या हेल्मेटवर हात ठेवला. "बरी चालवतेस गो," तो म्हणाला. "होडीहून बरी."

जरा वेळानं कमलाकांत जवळ आला. घसा साफ केला. परत एकदा केला.

"शर्यत झाली," तो म्हणाला.

"झाली."

"तुम्ही... तू म्हणाली होतीस, की शर्यतीनंतर—"

"वजन विचार."

"काय?"

"माझं वजन विचार मला. त्या दिवशी विचारलं होतंस, तसं. तोंड वर करून."

त्यानं तिच्याकडे बघितलं. त्याला समजलं असावं, कारण आधी कान लाल झाले.

"तुझं वजन किती?"

गुणवंतीनं त्याच्या कॉलरला धरून त्याला खाली ओढलं, आणि कानात आकडा सांगितला. खरा. एक किलोसुद्धा न लपवता.

"हेल्मेट धरून?" त्यानं विचारलं.

"हेल्मेट सोडून," ती म्हणाली. "आईलासुद्धा सांगितलेलं नाही. आता आणखी काय सांगू?"

त्यानं तिच्या कोपरावरची पट्टी सांभाळून तिचा हात धरला आणि सोडला नाही. धर्मा निळं फडकं झटकत होता, नको तितक्या वेळा, आणि मुद्दाम डोंगराकडे बघत होता.